पोलराइज्ड गॉगल घातला की स्क्रीन काळी का होते? कंपूच्या उन्हातून समजून घेऊ

पोलराइज्ड गॉगल घालून मोबाइल आडवा धरला आणि स्क्रीन एकदम काळी पडली, पेट्रोल पंपावरचे आकडे दिसेनासे झाले, गाडीच्या मीटरवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे आले, तर घाबरू नका. बहुतेक वेळा मोबाइलही ठीक असतो आणि डोळेही. गॉगल काढला की सगळं पूर्ववत दिसतं. असं का होतं, कोणत्या स्क्रीनवर होतं, कुठे दुर्लक्ष केलं तर चालतं आणि कुठे ते महागात पडू शकतं, याची माहिती इथे देत आहोत. उदाहरणं ग्वाल्हेरच्या कंपू भागातली आहेत. कडक ऊन, दुचाक्यांची गर्दी, मोठं रुग्णालय आणि जुना बाजार, सगळं तिथे हाकेच्या अंतरावर आहे.

कंपू म्हणजे कुठे?

कोल्हापूर, बेळगाव, सोलापूरकडे ‘कंपू’ म्हटलं की टोळकं आठवतं, तेही बहुधा राजकारणातलं. ग्वाल्हेरला मात्र तो पत्ता आहे. महादजी शिंद्यांनी युरोपीय पद्धतीची कवायत शिकवून ज्या पलटणी उभ्या केल्या, त्यांना त्या काळच्या मराठीत कंपू म्हणत. पुढे दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली. ती कायमची वसली आणि तिचंच लष्कर हे शहर झालं. कंपू हा त्या लष्करातलाच भाग. आज तिथे जयारोग्य रुग्णालय आहे, १९४६ साली सुरू झालेलं गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि भिंड, मुरैना, शिवपुरी, दतियाकडून येणाऱ्या रुग्णांची वर्दळ आहे. महाराज बाडा आणि सराफा बाजारही फार लांब नाहीत. लष्कर भागात मराठी कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, आणि मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे गेला की तिथे दुपारी बाहेर पडणारा प्रत्येक जण डोळ्यांवर काहीतरी चढवूनच निघतो.

हल्ली ते ‘काहीतरी’ बऱ्याचदा पोलराइज्ड असतं. पूर्वी महाग दुकानात मिळणारा हा गॉगल आता फुटपाथवरही मिळतो. निदान स्टिकर तरी तसं सांगतं. दुसऱ्या बाजूने, ज्या गोष्टींवर पूर्वी काटा किंवा छापील आकडा असायचा, तिथे स्क्रीन आली आहे. दोन्ही एकदम वाढले, म्हणून ही तक्रारही वाढली.

गॉगल नेमकं करतो काय?

साधा काळा गॉगल सगळा प्रकाश सारखाच कमी करतो, खिडकीला गडद पडदा लावल्यासारखा. पोलराइज्ड गॉगल त्यासोबत निवडही करतो.

प्रकाश ही लाट आहे, आणि लाट ज्या दिशेने पुढे जाते तिला काटकोनात तिचं कंपन होतं. (कंपू आणि कंपन यांचा काही संबंध नाही, पण या लेखात दोघांची गाठ पडणार आहे.) सूर्याचा किंवा बल्बचा प्रकाश सगळ्या दिशांनी कंप पावत असतो: उभा, आडवा, तिरका. त्यातली एकच दिशा शिल्लक राहिली की त्याला पोलराइज्ड प्रकाश म्हणतात. शास्त्रीय मराठीत याला ध्रुवण किंवा ध्रुवीकरण असा शब्द आहे. निवडणुकीच्या बातम्यांतलं ध्रुवीकरण वेगळं.

उभे गज असलेल्या खिडकीतून दोरी पलीकडे नेऊन बांधली आहे असं समजा. हातातलं टोक वरखाली हलवलं तर लाट गजांमधून पलीकडे जाते. तेच टोक डावी-उजवीकडे हलवलं तर दोरी गजांवर आपटते आणि लाट तिथेच मरते. पोलराइज्ड काच म्हणजे अशीच उभ्या गजांची खिडकी.

गज उभेच का, याचं उत्तर रस्त्यावर मिळतं. डांबरी रस्ता, गाडीचं बॉनेट, पाण्याचा पृष्ठभाग अशा आडव्या पृष्ठभागांवरून परावर्तित होऊन डोळ्यांत खुपणारा प्रकाश मुख्यतः आडव्या कंपनाचा असतो. पाण्यावर प्रकाश सुमारे ५३ अंशांच्या कोनात, काचेवर सुमारे ५६ अंशांच्या कोनात पडला, तर परावर्तित किरण जवळजवळ पूर्णच आडव्या कंपनाचे असतात (हा कोन पृष्ठभागावर काढलेल्या लंबापासून मोजतात). उभे गज नेमके तेच अडवतात. म्हणून ग्वाल्हेरच्या तिघरा धरणाच्या काठावर असा गॉगल लावला की पाण्यावरची चकाकी जाते आणि काठाजवळचा तळ दिसतो. कृष्णेच्या घाटावर किंवा रंकाळ्यावरही हेच होईल. दुचाकीवाल्याला समोरच्या गाडीच्या मागच्या काचेवरून येणारी तिरीप लागत नाही. हा फायदा खरा आहे. नुसत्या गडद काचेने तो मिळत नाही.

मग स्क्रीनने काय बिघडवलं?

मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, कॅल्क्युलेटर यांच्या एलसीडी स्क्रीनमध्ये पोलराइज्ड पडदे आधीपासूनच असतात, तेही दोन. मागून दिव्याचा प्रकाश येतो, पहिल्या पडद्यातून एकाच दिशेचं कंपन घेऊन बाहेर पडतो, मग द्रवस्फटिकाच्या पातळ थरातून जातो. तिथे विजेच्या इशाऱ्यानुसार त्या कंपनाची दिशा फिरते किंवा फिरत नाही. शेवटी दुसरा पडदा. फिरलेला प्रकाश बाहेर येतो, न फिरलेला अडतो, किंवा उलट. अक्षरं आणि चित्रं अशी उमटतात. थोडक्यात, एलसीडीतून तुमच्या डोळ्यांकडे निघालेला सगळा प्रकाश एकाच दिशेने कंप पावत येतो.

आता तुमच्या नाकावर तिसरा पडदा आहे. त्याचे गज आणि स्क्रीनच्या शेवटच्या पडद्याचे गज एकाच दिशेत असले तर स्क्रीन छान दिसते. काटकोनात आले तर काळी. मधल्या कोनांसाठी मालूसचा नियम लागतो: कोन ४५ अंश असेल तर निम्मा प्रकाश येतो, ६० अंशांना पाव, ९० ला जवळपास शून्य. त्यामुळे मान थोडी कलती केली तरी फरक जाणवतो, आणि काळोख मात्र शेवटच्या काही अंशांत झपकन येतो.

इथे एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दिशा जुळलेली असेल तर पोलराइज्ड गॉगलमधून स्क्रीन साध्या काळ्या गॉगलपेक्षा चांगली दिसते. समजा काच साध्या प्रकाशातला १५ टक्के भाग आत सोडते. जुळलेल्या दिशेचा प्रकाश तीच काच जवळजवळ ३० टक्के सोडेल, कारण अडवायला त्यात दुसरं कंपन नाहीच. भोवतालचं ऊन १५ टक्के आणि स्क्रीन ३० टक्के, म्हणजे उन्हात वाचायला स्क्रीन सोपी होते. एकच गॉगल मोबाइल उभा धरला तर सर्वांत चांगला आणि आडवा धरला तर सर्वांत वाईट ठरू शकतो.

कोणती स्क्रीन, काय दिसेल

‘सगळ्या स्क्रीन काळ्या होतात’ असं सरसकट सांगितलं जातं ते बरोबर नाही.

जुने किंवा स्वस्त लॅपटॉप आणि संगणकाचे मॉनिटर, म्हणजे ‘टीएन’ प्रकारचे, यांच्यात शेवटचा पडदा ४५ अंशांत तिरका असतो. सरळ बसून पाहिलं तर स्क्रीन फक्त मंद वाटते. मान एका बाजूला कलवा, ती उजळते. दुसऱ्या बाजूला कलवा, काळी होते. त्यामुळे कुणाला वाटतं स्क्रीनच लुकलुकते आहे. नव्या ‘आयपीएस’ स्क्रीनमध्ये पडदा सरळ उभा किंवा सरळ आडवा असतो. तो आडवा असेल तर समोर सरळ बसूनही काही दिसत नाही.

मोबाइलमध्ये सगळ्यांत जास्त विविधता आहे. एलसीडीचे मोबाइल उभे धरल्यावर दिसतात आणि व्हिडिओसाठी आडवे केले की काळे होतात, काहींचं नेमकं उलट. महागड्या मोबाइलमध्ये ओलेड स्क्रीन असते, आणि ओलेड स्वतः प्रकाश देतो म्हणून तिथे हा प्रश्न नाही, असं अनेक दुकानदार सांगतात. अर्धवट खरं आहे. ओलेडचा मूळ प्रकाश पोलराइज्ड नसतो हे बरोबर. पण बाहेरचं ऊन स्क्रीनच्या आतल्या चकचकीत थरावरून परत फिरू नये म्हणून तिच्यावरही पोलराइज्ड पडदा लावलेला असतो आणि त्याच्या आत दिशा बदलणारी एक पातळ पट्टी असते. त्यामुळे ओलेडचा प्रकाशही बाहेर पडताना एकाच दिशेचा होतो. काही कंपन्या हा पडदा तिरका बसवतात, म्हणजे मोबाइल उभा असो की आडवा, निदान निम्मा प्रकाश तरी मिळतो. काही त्यावर आणखी एक थर देतात आणि बाहेर येणारं कंपन गोल फिरतं करतात. मग मोबाइल कसाही धरा, काळोख होत नाही, फार तर रंग किंचित पिवळट-निळसर वाटतात.

इंद्रधनुषी डाग दिसले तर संशय आधी वर चिकटवलेल्या प्लास्टिकवर घ्यावा. स्क्रीनगार्डमधली पॉलिस्टरची फिल्म प्रत्येक रंगाचं कंपन वेगवेगळं फिरवते, म्हणून गॉगलमधून रंगांचे पट्टे दिसतात. गाडीच्या बाजूच्या आणि मागच्या काचेवर जे ठिपक्याठिपक्यांचं नक्षीकाम दिसतं तेही असंच. ती काच कडक करताना हवेच्या झोताने झपाट्याने थंड केलेली असते आणि त्या ताणाच्या खुणा गॉगलमुळे उघड्या पडतात. काच सदोष नसते. हेल्मेटच्या व्हायझरमधूनही असे रंग दिसतात.

टीव्हीच्या खोक्यावर ‘एलईडी टीव्ही’ लिहिलेलं असलं तरी तो बहुधा एलसीडीच असतो. एलईडी असतात ते फक्त मागचे दिवे. याउलट रेल्वे स्टेशनवरचा लाल अक्षरांचा फलक, चौकातला सिग्नल, रस्त्यावरचा चालता-बोलता मोठा जाहिरात फलक, दुकानातल्या लाल आकड्यांचा वजनकाटा, हे खरे एलईडी. त्यांच्यावर गॉगलचा हा परिणाम होत नाही, फक्त थोडं गडद दिसतं. ई-पेपरवर पुस्तकं वाचायचं उपकरणही छापील कागदासारखंच वागतं. जुना डबा टीव्ही कुणाकडे उरला असेल तर त्यालाही हा आजार नाही.

जिथे आकडा पैशांचा असतो

व्हिडिओ दिसला नाही तर मान वाकडी करता येते. पण काही ठिकाणी स्क्रीनवरचा आकडा म्हणजे व्यवहार असतो.

पहिलं ठिकाण पेट्रोल पंप. ‘शून्य बघून घ्या’ असं सांगितलं जातं, आपण गॉगलसकट मान डोलावतो. पंपाचा डिस्प्ले एलसीडी असेल आणि कोन जुळत नसेल तर तुम्ही पाहिलेलं असतं काळं चौकोन. शून्य होतं की नाही हे तुम्हाला खरं म्हणजे माहीतच नसतं. नळी टाकीत जाण्याआधी गॉगल कपाळावर सरकवा, शून्य आणि दर दोन्ही वाचा, भरून झाल्यावर रक्कम वाचा. माप कमी वाटलं तर पंपावर ५ लिटरच्या प्रमाणित मापाने तपासून दाखवायला सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे, तो वापरायला संकोच नको.

दुसरं, यूपीआय. दुकानदाराकडे बोलका डबा असतो, तो रक्कम मोठ्याने सांगतो. पैसे देणाऱ्याकडे फक्त त्याचा मोबाइल असतो. भर उन्हात गाडीवरच बसून, गॉगल न काढता, अंधुक स्क्रीनवर रक्कम टाकताना एखादं शून्य जास्त पडलं तर डबा ते ओरडून सांगेल, पण तोवर पैसे गेलेले असतील. मोबाइलची आपोआप कमी-जास्त होणारी उजेडाची सोयही इथे मदत करत नाही. ती भोवतालचं ऊन मोजते, तुमच्या नाकावर काय आहे ते तिला कळत नाही. काहीच दिसेना म्हणून उजेड पूर्ण वाढवला तरी ९० अंशांच्या कोनात हाती काही येत नाही, बॅटरी तेवढी उतरते आणि मोबाइल तापतो. मोबाइल पाव फेरी फिरवणं हा जास्त स्वस्त उपाय.

एटीएमच्या स्क्रीनचंही तसंच. तिथे तर गॉगल, टोपी, हेल्मेट काढून जायला सांगितलेलंच असतं, त्यामुळे आपोआप प्रश्न सुटतो.

तिसरी गोष्ट गाडीचं मीटर, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची. नव्या दुचाक्यांना आणि ई-रिक्षांना आकड्यांचा एलसीडी डिस्प्ले असतो: वेग, पेट्रोल किंवा चार्जिंग. गॉगलमुळे तो मंद झाला तर चालक तो वाचायला नजर रस्त्यावरून जास्त वेळ काढतो. ताशी ४० किलोमीटर वेगाने एका सेकंदात गाडी ११ मीटर पुढे गेलेली असते. मान कलवून मीटर वाचायची युक्ती चालत्या गाडीवर करू नये. गाडी स्टँडवर असताना गॉगल लावून, हेल्मेट घालून, नेहमीच्या बैठकीत एकदा बसून बघा. मीटर दिसत नसेल तर त्या गाडीसाठी तो गॉगल बाद, कितीही भारी असला तरी.

काही मोटारींमध्ये वेगाचे आकडे समोरच्या काचेवर तरंगताना दिसतात. ते काचेवरून परावर्तित झालेले असतात, आणि परावर्तित म्हणजे मुख्यतः आडवं कंपन. पोलराइज्ड गॉगलने ते अंधुक होतात किंवा नाहीसेच होतात. वैमानिकांच्या बाबतीत तर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाची सूचनाच आहे की पोलराइज्ड गॉगल वापरू नयेत: कॉकपिटमधली उपकरणं नीट दिसत नाहीत, विंडस्क्रीनमध्ये पट्टे दिसतात, आणि दूरच्या विमानावरून येणारी जी चमक दिसायला हवी तीच गॉगल गिळून टाकतो. रस्त्यावरही हा दुसरा चेहरा लक्षात ठेवावा. ओल्या किंवा तेलकट पट्ट्याची चकाकी नको असली तरी ती धोक्याची खूण असते, आणि गॉगल ती कमी करतो.

बाजारात घेताना: कॅल्क्युलेटर मागा

स्क्रीन काळी होण्याचा हा त्रास गॉगल पारखायला मात्र फार उपयोगी आहे. महाराज बाड्यावर घ्या की बेळगावच्या खडेबाजारात, दुकानदाराच्या गल्ल्यावर कॅल्क्युलेटर असतोच, आणि साधा कॅल्क्युलेटर एलसीडीच असतो. त्यावर १२३४५ टाइप करा, गॉगलची एक काच त्याच्यासमोर धरा आणि हळूहळू गोल फिरवा. अर्ध्या फेरीत कुठेतरी आकड्यांची पट्टी काळी व्हायला हवी. फिरवताना काहीच फरक पडला नाही तर स्टिकरवर काहीही लिहिलेलं असो, ती नुसती रंगीत काच आहे.

मोबाइलवरही ही परीक्षा होते, पण वर सांगितल्याप्रमाणे काही मोबाइल कुठल्याच कोनात काळे होत नाहीत आणि खरा गॉगलही उगाच नापास ठरतो. कॅल्क्युलेटर जास्त भरवशाचा. निळ्या आकाशाकडे, सूर्यापासून काटकोनात असलेल्या भागाकडे बघून गॉगल फिरवण्याची जुनी युक्तीही खरी आहे, कारण त्या भागातला आकाशाचा प्रकाश अंशतः पोलराइज्ड असतो. मात्र ग्वाल्हेरच्या मे महिन्यातलं धुळकट आकाश त्या कामाचं नाही. धुळीने प्रकाश पुन्हा सगळीकडे विखुरतो.

दोन्ही काचा वेगवेगळ्या तपासा. गॉगल सरळ धरलेला असताना डावी आणि उजवी काच एकाच कोनात काळी झाली पाहिजे. स्वस्त मालात फिल्म थोडी तिरकी बसलेली असते. मग एका डोळ्याला स्क्रीन उजळ आणि दुसऱ्याला मंद दिसते, आणि ‘हा गॉगल लावला की डोकं दुखतं’ अशी तक्रार सुरू होते.

एक गैरसमज मात्र डोळ्यांना खरा अपाय करू शकतो. पोलराइज्ड असणं आणि अतिनील किरणांपासून, म्हणजे यूव्हीपासून, संरक्षण असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅल्क्युलेटरच्या परीक्षेत पास झालेला गॉगल यूव्ही अडवतोच असं नाही. गडद काचेमागे बाहुली मोठी होते, आणि काच यूव्ही अडवत नसेल तर ते किरण डोळ्यात जास्त जाऊ शकतात. ‘यूव्ही ४००’ असं लिहिलेलं बघा आणि चष्म्याच्या चांगल्या दुकानात यूव्ही मोजायचं छोटं यंत्र असतं, त्यावर तपासून मागा. गडदपणाचे आंतरराष्ट्रीय मानकात ० ते ४ असे वर्ग आहेत. रोजच्या कडक उन्हाला वर्ग ३ पुरतो, त्यात ८ ते १८ टक्के प्रकाश आत येतो. वर्ग ४ गाडी चालवताना वापरायचा नाही.

‘संगणकासाठी पोलराइज्ड चष्मा’ म्हणून काही विकायला आलं तर पैसे वाचवा. एलसीडीचा प्रकाश आधीच पोलराइज्ड असतो, त्यावर आणखी गज लावून डोळ्यांना आराम मिळत नाही. स्क्रीनसमोर डोळे शिणतात ते मुख्यतः आपण पापण्या कमी मिटतो म्हणून आणि तासन्‌तास जवळच बघत राहतो म्हणून.

डोळ्यांचे रुग्ण असतील तर

जयारोग्यसारख्या मोठ्या रुग्णालयाच्या परिसरात काळा चष्मा लावलेली वयस्क मंडळी नेहमी दिसतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मिळणारा काळा चष्मा सहसा साध्या रंगीत प्लास्टिकचा असतो, त्यात ही अडचण येत नाही. पण घरी गेल्यावर मुलगा किंवा सून कौतुकाने चांगला पोलराइज्ड गॉगल आणतात, आजोबा तो लावून मोबाइल बघायला जातात आणि स्क्रीन काळी. ऑपरेशन केलेला डोळा गेला की काय, हा विचार त्या क्षणी कुणाच्याही मनात येईल. घरच्यांनी हे आधीच सांगून ठेवावं. शस्त्रक्रियेत बसवलेल्या कृत्रिम भिंगाचा या काळोखाशी संबंध नाही. साखर किंवा रक्तदाब मोजायच्या घरच्या यंत्रालाही बहुधा एलसीडी असतो, तेव्हा आकडा वाचताना गॉगल काढायला लावा, आणि औषधाचा डोस त्या आकड्यावर ठरत असेल तर दुसऱ्या कुणीतरी एकदा वाचून बघावा.

ओळखण्याची रीत सोपी आहे. फक्त स्क्रीन काळी आहे, बाजूची भिंत आणि माणसं दिसताहेत, आणि गॉगल काढल्यावर सगळं ठीक होतं, तर दोष गॉगलच्या कोनाचा. पण गॉगल काढूनही एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं वाटलं, अचानक विजेसारखे लखलखाट किंवा काळे ठिपके वाढले, नजर एकदम कमी झाली, शस्त्रक्रियेनंतर डोळा दुखून लाल झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. एकेक डोळा झाकून तपासायला विसरू नका. एका डोळ्याची नजर कमी झाली तरी दुसरा ती झाकून नेतो.

हे शोधलं कुणी?

१८०८ साली पॅरिसमध्ये एतिएन लुई मालूस यांनी लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेलं मावळतीचं ऊन एका स्फटिकातून पाहिलं, आणि स्फटिक फिरवला की त्यातलं एक प्रतिबिंब मंद होतं हे त्यांच्या लक्षात आलं. वर आलेला कोनाचा नियम त्यांच्याच नावाचा. त्या वेळी दौलतरावांची छावणी अजून किल्ल्याखाली उतरलेलीही नव्हती. स्वस्त, पातळ पोलराइज्ड फिल्म मात्र अमेरिकेच्या एडविन लँड यांनी केली. १९२९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १९३७ मध्ये पोलरॉइड कंपनी काढली. त्यांना मुळात रात्री समोरून येणाऱ्या मोटारींच्या दिव्यांचा त्रास घालवायचा होता: दिव्यांवर एक फिल्म, चालकापुढे दुसरी. ते कधी झालं नाही. ग्वाल्हेरहून शिवपुरी, इंदूर, धुळे करत मुंबईला उतरणाऱ्या जुन्या आग्रा रोडवर रात्री गाडी चालवलेल्या कुणालाही याची हळहळ वाटेल. गॉगल मात्र खपले.

आपल्या माणसांचाही यात हात आहे. जगदीशचंद्र बोस यांनी १८९८ मध्ये कोलकात्यात पीळ दिलेल्या तागाच्या जुड्या वापरून सूक्ष्म विद्युतलहरींच्या कंपनाची दिशा फिरवून दाखवली. जवळजवळ सत्तर वर्षांनी स्वित्झर्लंडमध्ये शाड्ट आणि हेल्फ्रिश यांनी केलेल्या एलसीडीत द्रवस्फटिकांचे रेणू असेच पिळासारखे रचलेले होते. कॅल्क्युलेटरचे आकडे त्या पिळावरच चालतात. बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत पंचरत्नम यांनी १९५५ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना, सगळ्या रंगांचं कंपन सारखंच वळवणारी पट्ट्यांची रचना मांडली. त्याच संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये थाळीसारख्या चपट्या रेणूंचे द्रवस्फटिक शोधले. पुढे जपानमध्ये तशाच रेणूंची फिल्म तयार झाली आणि बाजूने पाहिल्यावर फिकट दिसणाऱ्या एलसीडी मॉनिटरना ती लावली जाऊ लागली.

घरी करून बघण्यासाठी

मुलांना सुट्टीत दाखवण्यासारखा एक प्रयोग आहे. काचेच्या तुकड्यावर किंवा पारदर्शक डब्याच्या सपाट झाकणावर साध्या पारदर्शक चिकटपट्टीचे तुकडे आडवेतिडवे, एकावर एक, दोन-तीन थरांत चिकटवा. लॅपटॉपवर पांढरी स्क्रीन उघडा, झाकण तिच्यापुढे धरा. नुसत्या डोळ्यांना काहीच दिसणार नाही. आता पोलराइज्ड गॉगल लावून बघा: जिथे एक थर तिथे एक रंग, दोन थर तिथे दुसरा. गॉगल फिरवला की प्रत्येक रंग आपल्या विरुद्ध रंगात बदलतो. चिकटपट्टी बनवताना ती ताणली जाते आणि त्या ताणामुळे ती कंपनाची दिशा रंगागणिक वेगळी फिरवते. म्हणूनच कधी कधी कॅल्क्युलेटरच्या काळ्या झालेल्या पट्टीसमोर चिकटपट्टीचा तुकडा तिरका धरला तर आतले आकडे पुन्हा दिसू लागतात.